भलत्या पुलाचे तिकीट

मित्रांनो, मी एक जुना लिफाफा आहे. फाटक्या छत्र्या, मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेली घड्याळे तुमच्यासमोर येऊन रडून गेली असतील, आणि त्यांच्यावर निबंध लिहून तुम्ही दहापैकी सात गुणही मिळवले असतील. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला रडणे परवडत नाही, ओल लागली की माझा डिंक सुटतो. मला चीड येते. कोणाकोणाची येते ते मी आज सांगणार आहे, आणि तुम्ही तिकिटे जमवत असाल तर तुमचीही थोडी येईल, तेव्हा बाक सोडून पळू नका.

माझा जन्म एका कागदाच्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे पन्नास जण एका गठ्ठ्यात बांधून आम्हाला एका लहानशा दुकानात पाठवण्यात आले. तिथे एके दिवशी लाकडाच्या वखारीत काम करणारा एक माणूस आला. त्याच्या बोटांत कुसळे रुतलेली होती आणि शर्टाला भुसा लागला होता. एक लिफाफा घ्यायला माणसाला कितीसा वेळ लागतो? याने चार लिफाफे बोटांनी चाचपून पाहिले, उजेडात धरून पाहिले आणि शेवटी मला घेतले. "आतलं बाहेरून वाचता येता कामा नये," असे तो दुकानदाराला म्हणाला. पुढे जे झाले ते पाहता त्याने इतकी काळजी घ्यायला नको होती.

वखारीतल्या टेबलावर बसून त्याने पत्र लिहिले. दोन कागद फाडले, तिसरा ठेवला. ते पत्र त्याच्या धाकट्या बहिणीला होते. ही बहीण कपडे शिवायची. दोन वर्षांपूर्वी ती भावाला न आवडणाऱ्या एका माणसाबरोबर लग्न करून दूरच्या शहरात गेली होती, आणि जाताना भाऊ तिला म्हणाला होता, "गेलीस तर मला दादा म्हणू नकोस." पुढे तो माणूस एका सकाळी कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मग तिने भावाला लिहिले, मी घरी येऊ का? माझ्या पोटात जे होते ते या प्रश्नाचे उत्तर होते. ते काय होते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, पण तिच्याआधी ते तुम्हाला सांगणे मला शोभणार नाही.

आता त्या तिकिटाविषयी बोलतो. ते माझ्या उजव्या कोपऱ्यात बसले आहे आणि आजही स्वतःला कोणीतरी समजते.

भावाच्या गावी नदीवर सात कमानींचा दगडी पूल होता. त्याला शंभर वर्षे झाली म्हणून टपाल खात्याने एक खास तिकीट काढले. चित्र राजधानीत बसून कोणीतरी काढले. त्या चित्रकाराने तो पूल पाहिला नव्हता आणि पाहायची तसदीही घेतली नव्हती. फायलीत जो फोटो सापडला तो त्याने समोर ठेवला, आणि तो फोटो दुसऱ्याच गावच्या लोखंडी पुलाचा होता. चित्र अकरा टेबलांवरून फिरले. अकरा साहेबांनी त्यावर सह्या ठोकल्या. पूल म्हणजे पूल, त्यात बघायचे काय, असे प्रत्येकाला वाटले असणार. खाली मोठ्या दिमाखात गावाचे नाव छापले गेले आणि वर भलताच पूल.

सकाळी नऊ वाजता विक्री सुरू झाली. समारंभात नगराध्यक्षांनी तिकीट हातात घेतले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि भाषण अर्ध्यावर सोडून ते पोस्टमास्तरांना कोपऱ्यात घेऊन गेले. साडेअकराला विक्री बंद झाली. तोवर वखारीतल्या भावाने रांगेत उभे राहून एक तिकीट घेतले होते, मला चिकटवले होते आणि पेटीत टाकलेही होते.

मी प्रवास केला, तिच्या शहरातल्या टपाल कचेरीत पोचलो, माझ्या पाठीवर तिथला शिक्काही पडला. तिच्या घरापासून ती कचेरी चालत दहा मिनिटांवर. पण माझ्याआधी तिथे एक हुकूम येऊन पोचला होता, की हे तिकीट लावलेले टपाल पुढील आदेशापर्यंत रोखून धरावे. चूक खात्याची, अब्रू खात्याची आणि अडकलो मी. एका कारकुनाने जांभळ्या शाईत माझ्या कपाळावर 'रोखले' असा शिक्का मारला. पाठीवर, झाकण जिथे चिकटते नेमके त्याच्यावर, आणखी दोन शिक्के मारले, आणि मला पोत्यात टाकले. पुढील आदेश आलाच नाही. ज्या साहेबाने तो द्यायचा होता तो बढती मिळून दुसऱ्या खात्यात गेला, आणि त्याच्या जागी आलेल्याला पोते आहे हेच माहीत नव्हते.

तळघरात मी एकोणीस वर्षे काढली. आम्ही सतरा जण होतो. कचेरीची इमारत पाडायची ठरली तेव्हा तळघरातला सगळा कागद एका रद्दीवाल्याने उचलला. त्याने सोळा लिफाफे टराटरा फाडले, आत नोटा आहेत का ते पाहिले आणि पत्रे रद्दीत फेकली. लोकांची लग्ने, आजारपणे, माफ्या, सगळे वजनावर गेले. मी पोत्याच्या शिवणीत अडकलो होतो म्हणून वाचलो. रद्दीवाला तिकिटांतले थोडेफार जाणत होता. त्याने आम्हा सतरा जणांना एका व्यापाऱ्याकडे नेले आणि व्यापाऱ्याकडून मी एका दंतवैद्याच्या हाती लागलो.

मित्रांनो, तिकिटे जमवणारे दोन प्रकारचे असतात. पहिले लिफाफा बशीभर पाण्यात भिजत घालतात, तिकीट सोडवून घेतात आणि लिफाफा फेकून देतात. ही मंडळी टोपी ठेवून माणसाला हाकलतात. दुसरे स्वतःला पहिल्यांपेक्षा शहाणे समजतात. ते लिफाफ्यासकट सगळे ठेवतात, शिक्के वाचतात, हुकमांचे क्रमांक शोधतात, आणि याला टपालाचा इतिहास म्हणतात. माझा दंतवैद्य या दुसऱ्या प्रकारातला होता.

मला हात लावण्याआधी तो हात दोनदा साबणाने धुवायचा. लोकांच्या तोंडात घालण्याआधी एकदाच धुवायचा. मी त्याच्याकडे पंचवीस वर्षे होतो आणि हे मी रोज पाहिले आहे. मला त्याने पारदर्शक जाकिटात घातले, चिमट्याशिवाय उचलले नाही, निळ्या दिव्याखाली धरून माझा डिंक तपासला. माझ्याविषयी त्याने चौदा पाने लिहिली. कोणत्या गाडीने मी आलो, किती वाजता आलो, शिक्क्यातल्या एका अक्षराचा पाय का तुटला आहे, सगळे त्याला ठाऊक होते. माझ्याखाली तो सुबक अक्षरात लिहायचा, 'सतरांपैकी एकमेव न उघडलेला. प्राप्तकर्ता अज्ञात.'

त्या अज्ञात प्राप्तकर्त्याचा पत्ता माझ्या पोटावर स्वच्छ लिहिलेला होता. छापखान्यामागची गल्ली, घर क्रमांक अकरा. आता त्या नावाची गल्ली शहरात राहिली नव्हती, पाट्या कधीच बदलल्या होत्या. तुम्ही काय केले असते? चार म्हाताऱ्यांना विचारले असते. याने अभिलेखागाराला पत्रे लिहिली. जुने नकाशे मागवले. दोन वर्षे भिंग घेऊन त्यांवर ओणवा राहिला आणि शेवटी लिहिले की सदर गल्ली नगररचनेत नामशेष झाली असावी. मग नकाशा चौकटीत घालून भिंतीवर टांगला. त्या भिंतीत एक खिडकी होती, ती तो कायम बंद ठेवायचा. मागच्या गल्लीत कोणीतरी दिवसभर शिलाई मशीन चालवते आणि त्या खडखडाटाने माझे लक्ष उडते, अशी त्याची तक्रार होती.

एवढे हुशार होते आमचे डॉक्टर.

त्यांना एक सवय होती. रोगी खुर्चीत आडवा झाला, त्याच्या तोंडात कापूस कोंबला, की हे आपल्या संग्रहाविषयी बोलायला लागत. बाहेरच्या खोलीत बसून रोग्यांची नोंद ठेवणारी त्यांची बायको म्हणायची, "तुम्हाला ऐकणारी माणसं पाहिजेत, पण तोंड बंद ठेवणारी नकोत, उघडं ठेवणारी पाहिजेत." विशेष घाबरट रोगी असला तर त्याचे मन रमवायला ते मला जाकिटासकट बाहेर काढत आणि त्याच्या नाकासमोर धरत.

एका मंगळवारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांचे शेवटचे दोन दात काढून पुढे कवळी बसवायची होती. सुई देऊन डॉक्टरांनी त्यांचा जबडा बधिर केला, दोन्ही गालांत कापूस भरला, आणि मला काढले.

"इकडे बघा बाई, दातांचा विचारच करू नका. हे माझं रत्न. अख्ख्या देशात अशी सतरा पाकिटं, आणि न फोडलेलं हे एकच."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. आधी सहज, मग डोळे बारीक करून. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला.

"दुखतंय? थोडं सोसा," डॉक्टर म्हणाले. "तर हा बघा, जांभळा शिक्का. याच्यावर मी एक लेखच लिहिलाय."

बाईंनी त्यांचे मनगट धरले.

"हात नको, हात नको. जाकिटावर ठसे उमटतात."

त्यांनी मला बाजूच्या ट्रेवर ठेवले आणि दात उपटले. बाई सबंध वेळ मान वळवून माझ्याकडेच पाहत होत्या. काम झाल्यावर त्या उठून बसल्या, भांड्यात थुंकल्या, आणि अर्ध्या ओठाने म्हणाल्या, "ते माझं आहे."

"दात ना? न्या की. बरेच जण घरी नेतात."

"पत्र. त्याच्यावर नाव माझं आहे. अक्षर माझ्या दादाचं आहे."

डॉक्टर हसले. ते नेहमीचे समजूत काढणारे हसू होते. "बाई, हा पत्ता छापखान्यामागच्या गल्लीचा आहे. ती गल्ली आता अस्तित्वातच नाही. मी नकाशे मागवलेत."

बाईंनी अंगठा खांद्यावरून मागे केला. "ही काय. छापखाना गेला, पाटी बदलली. आम्ही अजून तेच म्हणतो."

आवाज ऐकून आत आलेल्या बायकोने नकाशाची चौकट बाजूला सारली आणि खिडकी उघडली. समोरून तिसरे दार. दारावर अकरा आकडा आणि कपडे दुरुस्त करून मिळतील अशी पाटी. दुकान बंद असल्याने त्या दिवशी मशीनचा आवाज नव्हता.

मित्रांनो, डॉक्टरांना लाज वाटली असेल असे तुम्हाला वाटते का? ते आनंदाने खुर्चीभोवती फिरले. राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांना दोनदा रौप्यपदक मिळाले होते, आणि दोन्ही वेळा परीक्षकांनी शेरा मारला होता की संग्रहात मानवी बाजू कमी आहे. ती आता खुर्चीत बसून रक्त थुंकत होती.

"बाई, तुमचा एक फोटो पाहिजे. आणि एखादं ओळखपत्र, जुन्या पत्त्याचं असेल तर फारच उत्तम."

"आधी पत्र वाचू दे."

"वाचू दे म्हणजे? उघडायचं?"

शिलाईवाल्या बाईंनी मग त्यांना सगळे सांगितले. डॉक्टर टिपणे घेत होते, म्हणून खरे तर बायकोला सांगितले. भावाचे ते बोलणे, नवऱ्याचे निघून जाणे, 'मी येऊ का' हे पत्र. उत्तराची वाट पाहत त्यांनी सहा महिने टपालवाल्याच्या वेळेला दुकान सोडले नव्हते. उत्तर आले नाही तेव्हा त्या समजल्या की दादाचा राग गेलेला नाही. न बोलावता जायचे नाही हा त्यांचा हट्ट. अकरा वर्षांनी गावाकडचा एक माणूस कापड घ्यायला आला आणि त्याच्याकडून कळले की दादा महिन्यापूर्वी गेला.

"चव्वेचाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "नाही म्हणाला असेल तर नाही. पण काय म्हणाला ते मला बघायचंय. माझा उजवा डोळा गेलाय, डावाही चाललाय. सुईत दोरा ओवायला पाच खेपा लागतात. मला स्वतःला वाचायचंय, कुणाकडून वाचून घ्यायचं नाही."

"अहो, पण तीनही शिक्के झाकणावर आहेत. झाकण उघडलं की फाटणार."

"झाकणाला हातच लावत नाही. कडेनं धागाभर कापते. माझं कामच ते आहे, कळणारसुद्धा नाही."

"बाई, न उघडलेला म्हणजे न उघडलेला. धागाभर उघडलेला असं काही नसतं." मग बायकोचा चेहरा पाहून त्यांनी सूर बदलला. "असं करू. तीन महिन्यांनी प्रदर्शन आहे. तेवढं होऊ द्या. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला तुमच्या वडिलांकडून ठाऊक असेल. बाईंना मात्र ते वचन वाटले. त्यांनी फोटो काढू दिला, ओळखपत्र दिले, लग्नाच्या आधीचे नाव कागदावर लिहून सही केली. कवळीच्या मापासाठी त्या दर मंगळवारी येत, आणि येताना मला एकदा पाहू द्या म्हणत. डॉक्टर मला लांबूनच दाखवत. बाई वाकून माझ्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवल्यासारखे करत, हवेतच, जाकिटाला न लावता.

मी प्रदर्शनाला गेलो. काचेआड, मखमलीवर, डोक्यावर वेगळा दिवा. शेजारी बाईंचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'प्राप्तकर्तीचा चव्वेचाळीस वर्षांनी शोध'. कोणी शोधले कोणाला, हे लिहिले नव्हते. टाय लावलेली माणसे रांगेने येत आणि भिंग काढत. एकाने माझ्या तुटक्या अक्षराची तारीफ केली. एकाने शिक्क्याची शाई पाहून सुस्कारा टाकला. तीन दिवसांत साडेचारशे माणसे माझ्यासमोर उभी राहिली, आणि आत काय लिहिले असेल असे एकाही मनुष्याने विचारले नाही. परीक्षकांनी डॉक्टरांना सुवर्णपदक दिले आणि मानवी बाजूचे विशेष कौतुक केले.

पुढच्या मंगळवारी बाई कवळी लावून पाहायला आल्या. कवळी छान बसली. त्यांनी आरशात पाहिलेही नाही.

"झालं ना प्रदर्शन?"

"झालं की. सुवर्ण." डॉक्टरांनी पदकाची पेटी उघडून दाखवली. "तुमचाही वाटा आहे हं त्यात."

"मग आता उघडते."

"आता?" डॉक्टरांनी पेटी मिटली. "बाई, आता तर अजिबातच नाही. हा सुवर्णपदकाचा संच आहे, जसाच्या तसा ठेवावा लागतो. शिवाय पुढच्या वर्षी परदेशात मोठं प्रदर्शन आहे. मी असं करतो, पाकिटाचा मोठा फोटो चौकटीत घालून देतो, घरात लावा. आणि कवळी माझ्याकडून भेट."

बाईंनी तोंडात बोटे घातली, वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही ट्रेवर ठेवल्या, आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "मला पत्र पाहिजे. दात नकोत."

आणि त्या तशाच निघून गेल्या. डॉक्टर बायकोला म्हणाले, "शिकलेली नसली की असंच. किंमत कळत नाही."

 बायकोने कवळी धुतली, डबीत ठेवली, डबीवर नाव घातले. तिची मला आधी थोडी चीडच होती, पंचवीस वर्षे हा प्रकार चालवून घेतला म्हणून. त्या आठवड्यात ती कमी झाली.

शनिवारी एक जाडजूड वकील कवळीचे माप द्यायला आले. हे माप कसे घेतात तुम्हाला माहीत नसेल. एका पसरट चमच्यात गुलाबी लगदा भरतात, तो रोग्याच्या तोंडात दाबतात आणि घट्ट होईपर्यंत न हलवता धरून ठेवतात. मध्येच हात काढला की माप बिघडले. डॉक्टरांनी वकिलांच्या तोंडात चमचा दाबला आणि आपल्या सुवर्णपदकाची हकीकत सुरू केली. तेवढ्यात बायको आत आली, टेबलावरची किल्ली उचलली, कपाट उघडले आणि मला घेऊन बाहेर गेली. मधले दार तिने मुद्दाम उघडे ठेवले.

बाहेरच्या बाकावर शिलाईवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांना तिनेच खिडकीतून हाक मारून बोलावले होते.

"घ्या ताई," ती म्हणाली. "नाव तुमचं आहे."

"काय चाललंय तिकडे?" आतून डॉक्टरांचा आवाज आला. "ए, ते जाकीट... अगं, हात तरी धुतलेस का?"

"तुम्ही धरून ठेवा तो चमचा. माप बिघडेल," बायको म्हणाली.

बाईंनी जाकीट सोडवले. पंचवीस वर्षांत मला पहिल्यांदा माणसाचा हात लागला. बोटाच्या टोकाला सुयांनी खरवडलेली कातडी होती. त्यांनी मला चारही बाजूंनी चाचपले, आतल्या कागदाची घडी कुठवर आहे ते हाताने पाहिले आणि ती एका कडेला सरकवली. मग पिशवीतून काज कापायची लहान कात्री काढली. डोळे मिटले, तसेही त्यांचा फारसा उपयोग नव्हता, आणि माझी आखूड कड वरपासून खालपर्यंत एका दमात कापली. कागदाचा दोरा खाली पडला, तेवढाच. एकाही शिक्क्याला धक्का लागला नाही. रद्दीवाला, कारकून, परीक्षक आणि अकरा साहेब यांतल्या कोणीही कधी इतके नीट काम केले नव्हते.

डॉक्टर आतून ओरडले. वकील काहीतरी बोलू पाहत होते, पण लगद्यामुळे कायद्याचे मत तोंडातच राहिले.

बाई उठून उजेडाला गेल्या. कागद डाव्या डोळ्याजवळ धरला आणि ओठ हलवत वाचू लागल्या. बायको शेजारी उभी राहिली. आता तुम्हालाही सांगायला हरकत नाही, पत्र असे होते.

'ठमे, तुझं पत्र मिळालं. मी बोललो ते रागाच्या भरात बोललो, आणि मग दोन वर्षं ते मागे कसं घ्यायचं ते मला कळलं नाही. तू ये. मागची खोली मोकळी केली आहे. खिडकी मोठी करून घेतली, मशीन तिथे उजेडात बसेल. कोणत्या गाडीने येतेस ते कळव, मी वखारीची हातगाडी घेऊन थांब्यावर येतो.

'आज आपल्या पुलाचं तिकीट निघालं. रांगेत उभा राहून मुद्दाम घेतलं. नीट बघ. भलताच पूल छापलाय त्यांनी. अख्ख्या पोस्टात अजून कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. म्हटलं तू हसशील.

'उत्तर लगेच पाठव. उत्तर आलं नाही तर तुझा राग गेलेला नाही असं मी समजेन, आणि पुन्हा त्रास देणार नाही. दादा.'

पुलाच्या ओळीला बाई खरोखरच हसल्या. मला उलटे करून त्यांनी तिकीट डोळ्याजवळ नेले, लोखंडी पूल पाहिला, आणि दात नसलेल्या तोंडाने इतक्या मोकळ्या हसल्या की बायकोलाही हसू आले. मग त्यांनी शेवटची ओळ वाचली. ती पुन्हा वाचली. कागद खाली केला.

"अकरा वर्षं होता हो तो त्यानंतर," त्या बायकोला म्हणाल्या. "अकरा वर्षं दादा समजत राहिला की मी रागावलेय."

बायकोने त्यांना बाकावर बसवले आणि त्यांचा हात धरून ठेवला. 

त्याच वेळी डॉक्टर बाहेर आले. हातमोज्यांना गुलाबी लगदा लागलेला, मागे वकील तोंड पुसत उभे. ते रागावून आले होते, पण बायकोच्या खांद्यावरून त्यांनी पत्रातल्या मधल्या चार ओळी वाचल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. भलत्या पुलाची चूक विक्रीच्या पहिल्या अडीच तासांतच एका सामान्य ग्राहकाने ओळखली होती आणि लिहून ठेवली होती. त्यांच्या चौदा पानांत असा एकही पुरावा नव्हता. आणि तो पंचवीस वर्षे त्यांच्याच कपाटात, माझ्या पोटात होता.

"बाई," ते म्हणाले, "बाई, ते पत्र... फक्त एक फोटो. नाही तर असं करा, माझ्याकडे ठेवा, मी नीट जपतो. जाकिटात घालून."

बाईंनी पत्राची घडी घातली, जुन्याच घडीवर. ते पिशवीत ठेवले. मला मात्र डॉक्टरांपुढे धरले.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या. "याच्यावरचं सगळं तुम्हाला पाठ आहे. आतलं मला आलेलं आहे."

डॉक्टरांनी मला घेतले, हातमोज्यासकट, आणि माझ्या पाठीवर अंगठ्याएवढा गुलाबी डाग पडला. बायको डबीतली कवळी घेऊन बाईंना घरापर्यंत सोडायला गेली. गल्ली ओलांडायला किती वेळ लागतो? ती संध्याकाळपर्यंत परत आली नाही.

मी पुन्हा संग्रहात आहे. माझ्याखालचा मजकूर डॉक्टरांनी नव्याने लिहिला आहे, 'एका कडेने उघडलेला. आतील पत्र उपलब्ध नाही.' कोणी पाहुणा आला तर ते सांगतात की एका अडाणी बाईने नुकसान केले. परदेशातल्या प्रदर्शनाला ते मला नेणार नाहीत. बरे झाले.

मित्रांनो, इतरांना इतके बोललो, आता स्वतःविषयी बोलतो. प्रदर्शनात लोक 'एकमेव' म्हणत, 'अखंड' म्हणत, तेव्हा मला बरे वाटत असे. आत काय आहे ते मला ठाऊक होते आणि तरी मला बरे वाटत असे. डिंक घट्ट धरून बसलो होतो आणि त्यालाच मी इमान समजत होतो. त्या मूर्ख तिकिटापेक्षा मी काही वेगळा नव्हतो.

तुम्ही तिकिटे जमवा, माझी ना नाही. पण जुना लिफाफा हाती आला तर आधी नाव वाचा, मग पत्ता, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. जमले तर जाऊन दार वाजवा. वस्तू जपाव्यात असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला पंचवीस वर्षे अगदी नीट जपले, एक सुरकुती पडू दिली नाही. तेवढी वर्षे, वीस पावलांवर, एक बाई आपल्याला भावाने येऊ नको म्हटले असे समजून मशीन चालवत होती.